काळ्या काचेमागचं दार

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. घरातला नव्हे, रस्त्यावरचा. घरातल्या दिव्याभोवती माणसं बसतात, जेवतात, रुसतात, भांडतात, आणि झोपायच्या वेळी कुणीतरी उठून त्याला मालवतं. माझ्याखालून माणसं नुसती जातात. थांबलंच कुणी, तर बुटाची नाडी बांधायला.

मी गॅसवर जळतो. तुम्ही म्हणाल, गॅस तर स्वयंपाकघरात असतो. जवळपास तसाच. माझा लोखंडी खांब आतून पोकळ आहे. जमिनीखालच्या नळातून गॅस त्या पोकळीतून वर चढतो आणि माझ्या डोक्यात टांगलेल्या जाळीच्या एका लहानशा पिशवीला तापवतो. तिला मेंटल म्हणतात. तापली की ती पांढरीशुभ्र होऊन उजेड देते. पण पहिल्यांदा पेटली तेव्हाच तिची राख झालेली असते. नुसती राख आकार धरून लटकत असते. बोट लागलं तरी विस्कटते. म्हणजे बघा, माझं अंग ओतीव लोखंडाचं आणि जीव राखेचा. लोकांना खांबच दिसतो, म्हणून मी त्यांना मोठा दणकट वाटतो.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. मला ऐकू दिवसरात्र येतं, पण दिसतं ते फक्त माझ्याच उजेडात. जिथे माझा उजेड पडत नाही, तिथलं मला काही दिसत नाही. पुढची गोष्ट कळायला हे लक्षात ठेवा.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. ओल्या वाळूत साचा दाबायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, निवलं की वाळू फोडून खांब बाहेर काढायचा. त्याच साच्यातून माझे पुष्कळ भाऊ निघाले. म्हातारा ओतारी प्रत्येकावर हातोडीची टिचकी मारून कान लावायचा. तडा असेल तर आवाज बद्द येतो. माझ्यावर टिचकी मारून तो म्हणाला, "हा भलताच बोलका दिसतोय." मला फार आनंद झाला. पुढे बोलायला कुणी मिळणार नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

आम्हा सगळ्या भावांना एकाच गल्लीत बसवलं. ती गल्ली म्हणजे लांबलचक दगडी जिनाच आहे. उतारावर पायऱ्या, मध्ये मध्ये सपाट जागा, दोन्ही बाजूंना घरं. माझे भाऊ वरच्या आणि खालच्या सरळ भागात ओळीनं उभे राहिले. त्यांना एकमेकांची तोंडं दिसतात. मला मात्र वळणावर ठेवलं. वळणावर अंधार जास्त, म्हणून तिथे दिवा हवाच होता. पण वळणावरून ना वरचा भाऊ दिसतो ना खालचा. माझ्या पाठीशी एका गोदामाची आंधळी भिंत, आणि समोर एक अरुंद दुमजली घर. माझ्या डोक्याला चार काचा. एका काचेतून भिंत दिसायची, एकीतून चढ, एकीतून उतार, आणि चौथीतून ते घर. साहजिकच माझा जीव त्या चौथ्या काचेत असायचा.

घरात एक बाइंडर राहत होता. पुस्तकं शिवणं, पुठ्ठे चढवणं, हा त्याचा धंदा. खालच्या खोलीत त्याचा लोखंडी प्रेस होता. त्याचं चाक फिरवलं की पुस्तकं दाबली जायची आणि एक लांबलचक कुरकुर ऐकू यायची. वरच्या खोलीत त्याची बायको आणि लेक. दाराला चार-पाच पायऱ्या, त्या उतरलं की गल्ली. दार तपकिरी होतं. बाइंडर संध्याकाळी त्या पायऱ्यांवर बसून हाताला चिकटलेली खळ सोलत बसे. बायको वरून म्हणायची, "झालं का तुमचं सोलून? की आज तिथेच मुक्काम?" तो म्हणायचा, "उजेड फुकटचा आहे, बसू दे की."

तो फुकटचा उजेड माझा होता. इतकं कौतुक मला पुढे कधी मिळालं नाही.

मला पेटवायला दिवाबत्ती खात्याचा एक माणूस यायचा. त्याचे पाय इतके लांब की लोक विचारायचे, "तुला रे शिडी कशाला लागते?" सगळे त्याला लांबूदादा म्हणत. संध्याकाळी शिडी माझ्या आडव्या दांड्याला टेकवायचा, काच उघडायचा, चावी फिरवायचा आणि मला पेटवायचा. पहाटे येऊन विझवायचा. आठवड्यातून एकदा काचा पुसायचा, काजळी काढायचा, मेंटल विस्कटलं असेल तर नवं बांधायचा. आणि सगळा वेळ बेसूर गायचा. "काय साहेब, आज तब्येत कशी?" असं मला विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या भावाकडे जायचा. उत्तर मला सुचलेलं असायचं, पण दिव्याला तोंड कुठे असतं?

मग बाइंडरची बायको आजारी पडली. एका संध्याकाळी लेक पायऱ्यांवर उभी राहून लांबूदादाची वाट बघत होती. मोठी झाली होती तेव्हा, बापाच्या हाताखाली शिवणकाम करायची.

"लांबूदादा, जरा थांबा ना."

"बोल गं."

"आईला उजेड सोसत नाही. डोकं फुटतं म्हणते. खिडकी लावली तर तिला गुदमरतं. उघडली की हा समोर!"

"हा म्हणजे आमचे साहेब?"

"हाच. पडदा लावला, त्यावर चादर टांगली, चादरीवर बाबांचा कोट टांगला. वारा आला की सगळं उडतं, आणि हा डोकावतोच."

"भलताच आगाऊ आहे," लांबूदादा म्हणाला. तो हसला, पण मुलगी हसली नाही, म्हणून तोही थांबला. "उद्या रंग घेऊन येतो. या बाजूची काच काळी करून टाकू. मग तुझ्या आईकडे एक कवडसासुद्धा जाणार नाही."

"अर्ज करावा लागतो का?"

"छे गं. आमच्या खात्याची रीत सोपी आहे. घरानं सांगितलं की काच काळी, घरानं सांगितलं की मोकळी. आईला बरं वाटलं की मला हाक मार. घासून काढीन."

दुसऱ्या संध्याकाळी मला पेटवून त्यानं ती काच उघडली आणि आतून काळा रंग लावला. दोन हात दिले. काच पुन्हा लावण्याआधी त्या बाजूला मला शेवटचं दिसलं ते हे: वरच्या खिडकीत एक हात आला, त्यानं कोट, चादर आणि पडदा एकेक करून काढला, आणि खिडकी सताड उघडली. मग ती बाजू मिटली.

मला वाईट वाटलं नाही, खरंच सांगतो. एखाद्याला झोप लागावी म्हणून एक डोळा मिटायचा, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? थोड्या दिवसांचा तर प्रश्न होता.

पण तिला बरं वाटलं नाही. एका सकाळी प्रेसची कुरकुर ऐकू आली नाही. मग पुष्कळ माणसं हळू आवाजात बोलत त्या पायऱ्या चढली. संध्याकाळी लांबूदादा आला, त्यानं शिडी टेकवली, मला पेटवलं, पण गाणं म्हटलं नाही.

काही दिवसांनी त्यानं बाइंडरला विचारलं, "काका, काच घासून काढू का?"

"राहू दे," बाइंडर म्हणाला.

पुन्हा काही दिवसांनी विचारलं. पुन्हा तेच. काच मोकळी करायची म्हणजे ती आता वर झोपलेली नाही, हे तोंडानं बोलायचं. ते त्याला जमत नव्हतं. लांबूदादानं मग विचारणं सोडलं, आणि घरानं सांगितल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही, ही तर त्यांची रीतच. निवृत्त होताना तो लेकीला म्हणाला, "तुला वाटेल तेव्हा सांग हो. माझ्या जागी येईल त्याला सांग."

त्याच्या जागी कुणीच आलं नाही. माझ्या डोक्यात एक घड्याळ बसवलं. ते संध्याकाळी आपोआप चावी उघडतं आणि सकाळी बंद करतं. हुशार घड्याळ आहे, कधी चुकत नाही. पण ते "काय साहेब" म्हणत नाही.

शहरात वीज आली. मोठ्या रस्त्यांवरचे गॅसचे दिवे निघाले. आमच्या गल्लीत पायऱ्यांमुळे गाडी येत नाही, खणायला अवघड, म्हणून आम्ही तेवढे राहिलो. शिल्लक ठेवायचं म्हणून नव्हे, काढायचा कंटाळा म्हणून. काचांवर धूळ साचली. पंधरवड्यानं कुणी घड्याळाला किल्ली द्यायला, मेंटल बदलायला यायचा, तोही घाईत. एकदा एका पाखरानं माझ्या आडव्या दांड्याच्या कोनात घरटं केलं, तेवढीच काय ती सोबत. बाइंडर गेला. लेकीनं धंदा चालू ठेवला. ती एकटीच राहिली. दाराबाहेर तिनं विजेचा एक बल्ब लावून घेतला. तो मला कधी दिसला नाही, पण संध्याकाळी पायऱ्यांवर तिची पावलं ठाम पडू लागली, त्यावरून मला कळलं. बरं वाटलं. जे मला देता येत नव्हतं, ते कुणीतरी देत होतं.

आणि माझ्या काळ्या काचेचं काय झालं, माहीत आहे? हातानं लावलेला रंग तो. उन्हानं आणि माझ्याच उष्णतेनं तो उडत चालला. आधी टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका, मग दोन. त्या ठिपक्यांतून उजेडाचे बारीक दाणे समोरच्या घरावर पडू लागले. मला त्या दाण्यांएवढंच घर दिसायचं. भिंतीचा पोपडा. पायरीची कड. एखाद्या वेळी तिच्या बाहीचं बटण. मी म्हणायचो, होईल, हळूहळू सगळं मोकळं होईल.

तेवढ्यात शहराला आमची आठवण झाली. एवढी जुनी गॅसच्या दिव्यांची ओळ आता दुसरीकडे कुठे उरलेली नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. गल्ली जपायची असं ठरलं. तिचं जुनं रूप राहावं म्हणून घरांबाहेरचे विजेचे दिवे काढायला लावले. तिचाही बल्ब गेला. आणि आमची डागडुजी करायला एक बाई आली. कायम काचा घेऊन फिरायची, म्हणून गल्लीतली मुलं तिला काचताई म्हणू लागली.

मित्रांनो, काचताईबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही. तिच्याइतक्या मायेनं मला कुणी हात लावला नसेल. तिनं माझ्या अंगावरचे रंगाचे जुने थर खरवडले, घड्याळाला तेल घातलं, पाखराचं घरटंसुद्धा अलगद काढून गोदामाच्या वळचणीला ठेवलं. चौथ्या काचेशी ती अडली. "हे काय बाई? काजळी म्हणावी तर निघत नाही."

बाइंडरची लेक पायऱ्या उतरून आली. तिला आता सगळे आत्या म्हणत, कारण तिच्या चुलतभावाची मुलगी, तिची भाची, येता-जाता तशी हाक मारायची आणि गल्लीनं ती उचलली. आत्याचा आवाज मी ओळखला. थोडा घासल्यासारखा झाला होता.

"काजळी नव्हे ती, रंग आहे," आत्या म्हणाली. "माझ्या आईसाठी काच काळी केली होती. तिला उजेड सोसत नव्हता शेवटी शेवटी. तर आता—"

"आईसाठी?" काचताई म्हणाली. तिचा आवाज एकदम भरून आला. "अहो, किती... थांबा हं." आणि तिनं नाक पुसलं. "आजारी बाईला झोप लागावी म्हणून एका शहरानं दिवा झाकला! आणि आम्ही ही काच फेकून द्यायला निघालो होतो! आत्या, तुम्ही काळजीच करू नका. तुमच्या आईची ही खूण मी जाऊ देणार नाही. माझा शब्द आहे."

मी ऐकत होतो. बोल ना, मी मनात म्हणत होतो, पुढचं बोल. पण समोरचं माणूस आपल्या आईसाठी रडत असताना "नको, पुसा ती काच" असं कुणाच्या तोंडून निघेल?

काचताईनं शब्द पाळला. तिनं नवी काच करवून आणली. नुसती रंगवलेली नाही, काळा रंग भट्टीत भाजून काचेतच मुरवलेला. "आता पिढ्यान्‌पिढ्या ठिपकासुद्धा उडायचा नाही," ती कौतुकानं म्हणाली. मित्रांनो, दुर्लक्षानं जे हळूहळू उघडत होतं, ते काळजीनं पक्कं बंद झालं.

मग समारंभ झाला. मोठी माणसं आली. माझ्या खांबाला पितळी पाटी लावली. मला वाचता येत नाही, पण येणारे-जाणारे मोठ्यानं वाचतात, म्हणून ती मला पाठ आहे: "या दिव्याची एक काच एका आजारी आईसाठी काळी करण्यात आली होती. मायेची ही खूण शहरानं जपली आहे." आत्याला चार शब्द बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "आईला उजेड सोसत नव्हता..." आणि टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत तिच्या हातात फुलं दिली गेली होती.

तेव्हापासून मी प्रसिद्ध आहे. लोक माझे फोटो काढतात. गल्ली दाखवणारे म्हणतात, "हा दिवा एका डोळ्यानं झोपतो," आणि सगळे हसतात. सगळ्या भावांत जास्त गर्दी माझ्याखाली. आणि तरी सांगतो, इतका एकटा मी धुळीतसुद्धा नव्हतो. सगळे माझ्या काळ्या काचेकडे बघत. काचेच्या पलीकडे काय आहे, हे कुणी बघत नव्हतं.

पलीकडे त्या पायऱ्या होत्या, आणि आत्याच्या डोळ्यांना आता कमी दिसत होतं.

हिवाळ्यात लवकर अंधारतं. एका संध्याकाळी ती शिवलेल्या पुस्तकांचे पुठ्ठे घेऊन बाहेर पडली. धपकन आवाज आला. पुठ्ठे घसरत माझ्या उजेडात आले, एकामागून एक. ती आली नाही. मी त्या पुठ्ठ्यांकडे बघत राहिलो. मोठ्यानं हाक मारायला तोंड नसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. नशीब, वरून कुणीतरी उतरत होतं. त्यांनी तिला उचललं.

मनगट मोडलं होतं. उजवं. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर भाचीचा आवाज चढला.

"आत्या, तू आता आमच्याकडे चल. बास झालं."

"आणि प्रेस काय तुझ्या बैठकीच्या खोलीत ठेवू?"

"ठेव! सोफा बाहेर काढते. पण इथे नको."

"मला इथे काय झालंय? पायऱ्या दिसल्या की झालं."

"दिसत नाहीत ना पण! सांग की त्या काचताईला, काच बदला म्हणून. एवढी गोड बाई आहे, एका दिवसात बदलेल."

"गोड आहे, तेच तर. किती जीव लावून केलंय तिनं ते. येते तेव्हा ती काच पदरचं पोर पुसावं तशी पुसते. आणि माझ्या आईच्या नावानं पाटी लागलीय, लोक येऊन डोळे पुसतात. तिथे मीच जाऊन सांगू, आईची खूण काढा, मला अडचण होतेय?"

"मग मी सांगते."

"खबरदार! मी या घरात आहे तोवर तू एक अक्षर बोलायचं नाहीस. माझी शपथ घे."

"शपथा कसल्या घ्यायला लावतेस, लहान आहे का मी?"

"घे म्हटलं ना."

भाचीनं घेतली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण पुन्हा पडलीस ना, तर विचारणार नाही. उचलून नेईन."

आता तुम्हाला कळलं असेल, काय पणाला लागलं होतं ते. त्या घरात आत्याचं सगळं आयुष्य होतं. बापाचा प्रेस, वरची खिडकी, हातातलं काम. ते सगळं एका काचेवर अडलं होतं, आणि ती काच माझी होती.

मनगट जुळलं. ती राहिली. संध्याकाळी तिची पावलं ऐकू यायची: एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थांबणं. मी जमेल तेवढा उजळ जळायचो. पण उजेडाला वळता येत नाही. तो सरळच जातो. माझा सगळा उजेड त्या काळ्या काचेवर आपटून माझ्याच डोक्यात परत यायचा.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा पडली. या वेळी गुडघा. भाची आली. या वेळी भांडण झालं नाही. तेच जास्त वाईट होतं. खाली दोघींची पावलं उतरत गेली, आणि त्यांत एका काठीचा आवाज होता.

थोड्या दिवसांनी भाची उरलंसुरलं सामान न्यायला आली. हमाल प्रेस उचलून खाली नेत होते. "हळू, हळू, पाय माझा आहे तो!" अशी त्यांची ओरड चालली होती. तेवढ्यात काचताई शिडी घेऊन आली. तिचा काचा पुसायचा दिवस होता.

"अगंबाई, आत्या कुठे निघाल्या?"

"निघाल्या नाहीत, गेल्या. गुडघा मोडून."

"कशानं?"

भाचीनं हातातली पिशवी पायरीवर आपटली. मग म्हणाली, "आता ती या घरात नाही. म्हणजे माझी शपथ सुटली. तुमच्या काचेनं."

तिनं सगळं सांगितलं. बल्बपासून मनगटापर्यंत. काचताईनं शिडी माझ्या खांबाला टेकवली. शेवटी ती म्हणाली, "पण त्या मला एकदासुद्धा बोलल्या नाहीत हो!"

"बोलली होती. पहिल्याच दिवशी. 'आईसाठी काच काळी केली होती, तर आता मोकळी करा.' एवढंच सांगायचं होतं तिला. पहिलं अर्धं ऐकून तुमचे डोळे भरून आले. दुसरं अर्धं तिच्या तोंडातच राहिलं." मग भाचीचा आवाज निवळला. "तुम्ही वाईट असतात ना, तर तिनं भांडून काच काढून घेतली असती. तुम्ही चांगल्या निघालात, तिथे ती अडकली."

काचताई शिडी तिथेच टाकून गेली. संध्याकाळ व्हायच्या आत परत आली. तिनं कुणाला विचारलं नाही. काळी काच काढली, साधी स्वच्छ काच बसवली, कडेला पुट्टी दाबली, आणि खाली उतरून उभी राहिली. माझ्या डोक्यातल्या घड्याळानं आपली वेळ झाल्यावर चावी उघडली.

मित्रांनो, मी समोर बघितलं.

दार हिरवं होतं. तपकिरीचं हिरवं कधी झालं, मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला कुलूप होतं. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आणि दारापासून गल्लीपर्यंत, भिंतीत खिळे ठोकून, एक दोरी बांधलेली होती. पुस्तकं शिवायच्या दोऱ्याचे पदर एकत्र वळून केलेली. प्रत्येक पायरीपाशी त्या दोरीला एक गाठ. हातानं चाचपत उतरायचं, गाठ लागली की पाय खाली टाकायचा. शेवटची पायरी आली हे कळावं म्हणून तिथे गाठ दुहेरी होती. हात फिरून फिरून दोरी काळपट, गुळगुळीत झाली होती.

माझ्यासमोर, माझ्यापासून एका हाकेच्याही आत, एक म्हातारी बाई आंधळ्यासारखी दोरी धरून घर चढत-उतरत होती. आणि माझ्याखाली लोक पाटी वाचून डोळे पुसत होते.

काचताईनं ती दोरी वरपासून खालपर्यंत हातात घेऊन बघितली. दुहेरी गाठीपाशी आली आणि पायरीवर बसली. बराच वेळ बसली होती.

काही दिवसांनी तिनं आत्याला बोलावून आणलं. दिवेलागणीची वेळ होती. एका बाजूला भाची, दुसऱ्या हातात काठी. आत्या गल्लीत उभी राहिली. किती वर्षांनी मी तिला सबंध बघत होतो! केस पांढरे, पाठ जराशी वाकलेली, पण हनुवटी आईसारखी. तिनं पायऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. भाचीचा हात सोडून काठी टेकत एकेक पायरी चढली. दोरीला हात लावला नाही. दारापाशी पोचून वळली.

"दिसतं की छान," ती म्हणाली.

काचताई रडू लागली.

"ए, रडू नकोस बरं," आत्या म्हणाली. "तू रडलीस की माझं बोलणं अडतं. मागेही तेच झालं."

भाची खुदकन हसली. मग काचताईही रडता रडता हसली.

"परत याल ना राहायला?" तिनं विचारलं.

"नाही गं. हे मनगट आता चाक फिरवू देत नाही. प्रेस एका होतकरू मुलीला दिला, ती म्हणे झोपतेसुद्धा त्याच्याशेजारी. आणि गुडघ्याला या पायऱ्या नकोत." तिनं दाराच्या कुलपावरून हात फिरवला. "मी पडण्याआधी झालं असतं हे, तर गोष्ट वेगळी. असो. कुणीतरी येईल राहायला. त्याला दिसेल."

मग तिनं दोरी सोडायला घेतली. एकेक गाठ नखानं मोकळी करत उतरली. भाची म्हणाली, "राहू दे ना आत्या, कशाला?" तर म्हणाली, "चांगला दोरा आहे. वाया का घालवायचा?" दुहेरी गाठ सुटेना, तेव्हा काचताईनं मदत केली. दोरीची गुंडाळी पिशवीत टाकून आत्या भाचीच्या हाताला धरून उतरत गेली. उताराच्या काचेतून मी तिला माझ्या उजेडाच्या कडेपर्यंत बघितलं. पुढचा उजेड माझ्या भावाचा.

पाटी अजून आहे. काचताईनं तिच्यावर एक ओळ वाढवून घेतली आहे: "आई गेली. लेकीला उजेड हवा होता." लोक आता ती ओळ वाचतात आणि मागे वळून समोरच्या दाराकडे बघतात. बस, मला एवढंच हवं होतं. माझ्याकडे नको, मी ज्यावर उजेड टाकतो तिकडे बघा.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या गावातही असतील. त्यांना पुसा, तेल घाला, रंग द्या. त्यांना बरं वाटेल. पण त्या वस्तूच्या आसपास कोण राहतं, हेही विचारा. आणि ते माणूस सांगू लागलं, तर तुमचे डोळे कितीही भरून आले तरी मध्ये बोलू नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

समोरचं घर अजून रिकामं आहे. संध्याकाळ झाली की माझा उजेड हिरव्या दारावर पडतो, कुलपावर पडतो, पायऱ्यांवर पडतो, आणि भिंतीतल्या त्या रिकाम्या खिळ्यांवर. कुणी आलंच, तर त्याला पाय कुठे टाकायचा ते दिसेल.